गप्प माणसांचा फुगा

अण्णांनी ‘श्यामची आई’ वाचायला घेतली की गावातल्या बायका आधीच पदर हाताशी घेऊन बसत. कुठल्या पानाला कोण हुंदका देणार, हेही वर्षानुवर्षांच्या सवयीनं ठरून गेलं होतं. पुरुषांना नेमकी त्याच वेळी तंबाखू मळायची आठवण होई आणि माना खाली जात. वाचन संपलं की थोडा वेळ कुणीच बोलत नसे. मग कुणीतरी नाक शिंकरून म्हणे, “अण्णा, रडवलंत हो.” तेवढ्यावर अण्णांचं पुढचं वर्ष निघायचं.

अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव सातारा जिल्ह्यातलं, पुणे-मिरज रेल्वेच्या वाटेवरचं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की शेजारच्या गावांना आपण सुटलो असं वाटतं. विकास सोसायटीच्या गोदामावर दोन खोल्यांचं सार्वजनिक वाचनालय आहे, ‘क’ वर्गातलं. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली मिळणाऱ्या, म्हणजे मिळेल तेव्हा मिळणाऱ्या, अनुदानावर असली हजारो वाचनालयं तग धरून आहेत. इथे ग्रंथपाल, कारकून आणि पुस्तकांना पुठ्ठे चढवणारा माणूस हे तिन्ही अण्णाच. झाडलोटीला रोज सकाळी एक मावशी येते.

२४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती, आणि वाचनालयाचा तोच मोठा सण. वाचनाआधी अण्णा दरसाल तीच माहिती तितक्याच उमाळ्यानं सांगत. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं, १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या सिनेमाला मिळालं. इतकी वर्षं एक पुस्तक घरोघर रडवतंय, याहून मोठी पावती कुठली? ज्या पुस्तकानं डोळे ओले होत नाहीत ते रद्दीच्या भावाचं, हा अण्णांचा सिद्धान्त होता. मला तो अर्धाच पटतो. उरलेल्या अर्ध्याची ही गोष्ट.

चित्रांच्या पुस्तकांशी मात्र अण्णांचं जुनं वाकडं होतं. शाळकरी वयात भूगोलाच्या पुस्तकात ‘चांदोबा’ घालून वाचताना त्यांनी वडिलांचा मार खाल्लेला. पुढे मास्तर झाल्यावर अनंत पैंची ‘अमर चित्र कथा’ दप्तरात लपवणाऱ्या पोरांना त्यांनी तोच मार, त्याच हातानं, पुढे पोचता केला. चित्रं ही वाचता न येणाऱ्यांची सोय. शब्दांवर पकड आली की ती सोडायची असतात, असं त्यांना मनापासून वाटे.

गावातला एक मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं घर बदललं तेव्हा पुस्तकांचं एक खोकं वाचनालयाला पाठवून दिलं. भेट मिळालेल्या पुस्तकांत नेहमी जे असतं ते त्यात होतं: स्पर्धा परीक्षांची जुनी गाईडं, एक पाककृतींचं पुस्तक, एक कव्हर नसलेली कादंबरी. तळाशी तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं निघाली, आतून बाहेरून चित्रांचीच. एकात उंदीर आणि मांजरं होती. दुसऱ्यात काळ्यापांढऱ्या रेघांत डोक्याला कापड बांधलेली एक मुलगी. तिसऱ्यात पानभर झाडं, पक्षी, मासे, जनावरं आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं. अण्णांनी तिन्हींना दाखल क्रमांक दिले, विषयाच्या रकान्यात ‘बालसाहित्य’ लिहिलं आणि इंग्रजी बालसाहित्य वाचणारं बालक गावात नसल्यामुळे ती बंद कपाटात ठेवून दिली.

हायस्कूलचे चित्रकलेचे सर एकदा वर्तमानपत्र चाळायला आले तेव्हा कपाट उघडं होतं. सर कुडाळकडचे. पुस्तकं बघून खालीच बसले.

“अण्णा, हे उंदीर-मांजराचं बालसाहित्य?”

“मग काय?”

सरांनी सांगितलं की हे ‘माउस’. लिहिणारा आणि काढणारा आर्ट स्पीगलमन. त्याचा बाप ऑशविट्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेला. बापाकडून ऐकलेलं पोरानं चित्रांत मांडलं, ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं. १९९२ साली त्याला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. आणि ही मुलगी इराणची, मार्जान सत्रपी. क्रांती झाली तेव्हा ती लहान होती, तिचं बालपण या ‘पर्सेपोलिस’मध्ये आहे.

“बरं,” अण्णा म्हणाले. ऐकून घेतल्याचा हा त्यांचा आवाज शाळा तपासनीस यायचे तेव्हापासूनचा.

“आमच्या पिंगुळीला या एकदा,” सर पेटले होते. “ठाकर समाजाचे चित्रकथी. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे. अशा चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. देवळात एकेक चित्र पुढं धरायचं आणि वीणा, हुडूक, टाळावर गोष्ट गायची. पिढ्यान्पिढ्या. परशुराम गंगावण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती यासाठीच. चित्र बघून रडणारी म्हातारी माणसं मी डोळ्यांनी पाहिलीत. आणि तुम्ही म्हणता पोरखेळ.”

अण्णांनी थोडा विचार केला. “ती लोककला,” ते म्हणाले. “हे कॉमिक.” आणि कपाट लावून घेतलं.

किल्ली मात्र खिळ्यालाच असे.

मावशीचा नातू सहावीत होता. सगळे त्याला सोन्या म्हणत. आई-बाप इचलकरंजीला सूतगिरणीत कामाला, पोरगं आजीपाशी. सकाळी सातला तो आजीबरोबर वाचनालयात यायचा, फडक्यानं टेबलं पुसायचा आणि शाळेची वेळ होईतो हाताला लागेल ते चाळायचा. कपाट पुसायला म्हणून उघडलं आणि तिसरं पुस्तक त्याच्या हाती आलं.

इंग्रजी त्याला कामापुरतंही येत नव्हतं. पण कव्हरवरचं ‘भीम’ त्यानं अक्षर लावून वाचलं आणि चष्म्यातला माणूस कोण हे सांगायला त्याला कुणाची गरज नव्हती. तो फोटो त्याच्या घरात समोरच्याच भिंतीवर होता. पुस्तक होतं ‘भीमायन’. २०११ साली दिल्लीच्या नवयाननं काढलेलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं भोपाळच्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याची. यातलं काहीही सोन्याला माहीत नव्हतं आणि त्याचं काही अडलं नाही. आगगाडी सापासारखी वळत आली, चार पोरं उतरली, कुणी न्यायला आलेलं नाही, हे त्यानं पाहिलं आणि तो ओरडला, “आज्जे, हे तर मसूर!”

मसूरची गोष्ट सोन्याला पाठ होती. बौद्धवस्तीत दर १४ एप्रिलला कुणी ना कुणी ती सांगतंच. सन १९०१. भीमाची आई वारलेली, वडील दूर दुष्काळी कामावर रोखपाल. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावलं. भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट घालून साताऱ्याहून गाडीत बसली. मसूरला उतरली. वडिलांना पत्रच पोचलेलं नव्हतं. चांगल्या घरची दिसणारी पोरं पाहून स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशीला आला. पोरांनी जात सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तेही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. शिदोरी भरपूर होती, पण रात्रभर प्यायला पाणी कुणी दिलं नाही. घशाखाली घास उतरेना म्हणून चौघं उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय.

सोन्या पुढचे कित्येक दिवस त्या पुस्तकात होता. शब्द लागत नव्हते म्हणून त्यानं इतर सगळं पाहिलं, जे आपण शब्द लागतात म्हणून पाहात नाही. पानांवर चौकटी नाहीत हे त्याला दिसलं. व्याम दांपत्यानं चौकटी काढायला साफ नकार दिला होता, माणसं अशी डब्यात कोंडून ठेवायची नाहीत म्हणून. आणि त्याला दिसले फुगे. कॉमिकमध्ये माणूस बोलतो ते फुग्यात लिहितात, हे त्याला ठाऊक होतं. पण इथे फुगे तीन जातींचे होते. काही पाखरासारखे. काहींना मागं विंचवाची नांगी. आणि काहींत एक डोळा.

अण्णा आले तेव्हा सोन्या वहीच्या मागच्या पानावर पाखरं आणि विंचू काढत बसला होता. अण्णांनी आधी पुस्तक पाहिलं, मग उघडं कपाट.

“कुणाला विचारून काढलंस?”

“अण्णा, हे बोलणं गोड आसलं की पाखरू, आन् टोचणारं आसलं की विंचू. व्हय ना?”

अण्णांनी चष्मा चढवला. पान पाहिलं. आणखी दोन पानं पाहिली. “आणि हा डोळा?”

“त्ये मनातलं. तोंडानं न्हाई बोलत, नुसतं मनात.” मग वहीचं पान पुढे सरकवून म्हणाला, “म्या गावातल्या मानसांचं काडलंय.”

पानावर गाव होतं. किराणा दुकानदार नांगीवाला. पाचवीच्या बाई पाखरू. सोसायटीचे चेअरमन नांगी, पण निवडणुकीच्या महिन्यात पाखरू, असं त्यानं कंसात लिहिलं होतं. अण्णांना हसू आवरेना.

“मी कोण रे?”

“तुमी पाखरू.” अण्णा खूश झाले. तेवढ्यात पोरानं विचारलं, “अण्णा, पर जे मानूस कायच बोलत न्हाई त्याचा फुगा कसा काडायचा?”

“काहीच बोलत नाही, मग फुगा कशाला?”

“न्हाई, म्हंजी…” सोन्या घुटमळला. मग कोपऱ्याकडे बघत म्हणाला, “आज्जी त्या माठातलं पानी पीत न्हाई. घरनं बाटली आनती. तिला कोन कायतरी बोललं आसंल की. त्यो विंचू कुनाचा?”

कोपऱ्यात तिवईवर माठ होता. त्यावर पितळी झाकण, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं, शेजारी उपडे घातलेले स्टीलचे पेले. सोसायटीचा शिपाई रोज तो भरायचा. मावशी तिवईखालची फरशी पुसायची, तिवईचे पायसुद्धा पुसायची, झाकणाला हात लावत नसे. ती प्यायची ती कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीतून, जिन्यात बसून. हे अण्णा किती वर्षं पाहात होते कोण जाणे. डोळ्यांसमोर घडत होतं आणि दिसत नव्हतं. मावशीला कधी कुणी “माठाला शिवू नको” म्हणालं नव्हतं. कुणालाही तसं म्हणावं लागलं नव्हतं.

“शाळेला उशीर होईल,” अण्णा म्हणाले.

त्या रात्री ‘भीमायन’ अण्णांच्या घरी होतं, शेजारी वीरकरांची डिक्शनरी. मसूरची हकिकत अण्णांना नवी नव्हती. उभी नोकरी त्यांनी ती वर्गात शिकवलेली, आणि ‘बाबासाहेबांना लहानपणी कोणते अनुभव आले?’ या प्रश्नाला दोन मुद्दे लिहिले की दोन गुण, असं तपासलेलं. आता तेच दोन मुद्दे गोलमटोल डोळ्यांची पोरं होऊन बैलगाडीत बसले होते आणि गाडीला चौकट नसल्यामुळे ती पानातून सरळ त्यांच्या अंथरुणावर येत होती. अण्णा डोळे भरून येण्याची वाट पाहू लागले. इतक्या वर्षांचा वाचक, त्याला आपली पानं ठाऊक असतात. पण काही आलं नाही. घशात अडकलं ते तिथंच राहिलं.

रडू आलं असतं तर ते सुटले असते. मोकळं वाटलं असतं, पुस्तक मिटून झोप लागली असती, सकाळी कुणाला तरी सांगता आलं असतं की काय पुस्तक आहे हो, रडवलं. आपण भावनेनं भिजवणाऱ्या पुस्तकाचे एवढे भक्त का असतो, याचं मला तरी हेच कारण दिसतं. रडलो की हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो. लेखकानं दुःख दिलं, आपण आसवं दिली, फिटंफिट. ‘श्यामची आई’वर हा अन्याय आहे, हेही सांगायला हवं. ज्या गुरुजींनी ते लिहिलं, त्यांनी १९४७ साली पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं होतं. त्यांच्या पुस्तकावर आपण रडलो आणि त्यांच्या उपोषणाची तारीख विसरलो. दोष पुस्तकाचा नाही.

डिसेंबर आला. अण्णांनी फलकावर खडूनं लिहिलं: या वर्षीचे वाचन ‘भीमायन’, चित्रांसह. चित्रकलेच्या सरांना इतका आनंद झाला की त्यांनी शाळेचा प्रोजेक्टर स्वतःच्या जबाबदारीवर आणला आणि पानांचे फोटो काढून रात्री जागून लावून ठेवले. गावात कुजबुज झाली. “श्यामची आई का नाही?” असं पाच-सहा जणांनी विचारलं, खरं काय विचारायचंय ते कुणीच विचारलं नाही. तरी लोक आले. अण्णांचा आवाज ऐकायची सवय मोडवत नव्हती, आणि पडद्यावर काहीतरी दिसणार होतं.

अण्णांनी इंग्रजी पुढ्यात ठेवून मराठीत सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला पोरं जनावरं मोजत होती, मोठी माणसं हे कसलं चित्र म्हणून एकमेकांकडे बघत होती. गाडी मसूरला लागली आणि खोली गप्प झाली. हे स्टेशन सगळ्यांचं रोजचं. कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणी त्या बाजूला ऊस घालणारा. त्याच फलाटावर चार पोरं नव्या टोप्या घालून उन्हात उभी होती आणि संध्याकाळ होत चालली होती. अण्णांचा आवाज भरून आला. पदर वर गेले. तंबाखू मळली जाऊ लागली. अण्णांनी महाडच्या तळ्यापर्यंत वाचलं, २० मार्च १९२७ पर्यंत, आणि थांबले.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चेअरमननी नाक शिंकरलं. “अण्णा, रडवलंत. अगदी दरवर्षीसारखं.”

ते मनापासून बोलत होते. चेअरमन वाईट माणूस नाही, हे इथे सांगून ठेवतो. गोष्टीत असा माणूस आला की वाचक त्याला लगेच खलनायक करतो आणि स्वतः मोकळा होतो. पण अण्णांना या वेळी ते शब्द लागले.

लोक उठले, बसून बसून घसे कोरडे पडलेले, माठापाशी गर्दी झाली. पेले फिरले. दाराशी, चपलांच्या पलीकडे मावशी उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

गर्दी पांगल्यावर अण्णांनी विचारलं, “मावशी, तुम्हाला नाही रडू आलं?”

“मला कशापायी यील?” तिनं चपला सरळ करता करताच सांगितलं. “ल्हानपनापास्नं ऐकत्ये मी ती गोष्ट. आन् अण्णा, त्यात रडायचं काय हाय? पोरं तान्हेली व्हती. पानी द्यायचं व्हतं.”

चित्रकलेचे सर वायर गुंडाळत होते, ते थांबले. अण्णांना बोलायला वेळ लागला.

“मग आता काय करू?” हा प्रश्न त्यांनी आयुष्यात झाडणाऱ्या बाईला कधी विचारला नव्हता. तिनंही तो लांबवला नाही. बहुधा उत्तर बरेच दिवस तयार असावं.

“माठ भरायचं काम माज्याकडं द्या. रोज घासून भरीन. शिपाई आटवड्यातनं एकदा घासतो, त्येबी वरनं.” आणि मग, “त्येचं पैसं येगळं.”

जानेवारीच्या कार्यकारिणीच्या सभेत अण्णांनी तो विषय घेतला. सभावृत्तात तो चौथा आहे, ‘पत्र्याची दुरुस्ती’ आणि ‘मासिकांची थकबाकी’ यांच्या मधे. पत्रा पाच मिनिटांत झाला. चौथ्या विषयाला पाऊण तास लागला.

“शिपाई भरतोय की व्यवस्थित. बदलायचं कारण काय?”

“कुणी अडवलंय का तिला पाणी प्यायला? नाव सांगा. मी बघतो त्याच्याकडे.”

“उगाच नसलेलं काढायचं नि गावाचं नाव खराब करायचं. आपल्याकडं असलं काही नाही.”

“आमच्या घरी तर बाबासाहेबांचं पुस्तक आहे.”

अण्णा सगळ्यांचं ऐकत होते. त्यांच्या पुढ्यात सोन्याची वही होती, मागच्या पानासकट. शेवटी ते म्हणाले, “कुणीच काही बोललेलं नाही, हे मला मान्य आहे. मी पण नाही बोललो. तसंच लिहितो मी सभावृत्तात: आजपर्यंत कुणी काही म्हणाले नाही, आणि ती आजपर्यंत प्यायली नाही. पुढचं वाक्य तुम्ही सांगा.”

पुढचं वाक्य कुणी सांगितलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग चेअरमन म्हणाले, “घ्या ठराव. मानधन किती म्हणताय?” मानधनावर मात्र चर्चा मोकळेपणानं झाली, कारण तो विषय सगळ्यांना नीट बोलता येत होता. नऊपैकी सहा बाजूनं, तीन गप्प. अण्णांनी तीन विरोधात असं लिहिलं नाही, ‘तीन गप्प’ असंच लिहिलं. तालुक्याच्या तपासणीत त्यावर शेरा येईल, असं सरांनी सुचवून पाहिलं. अण्णा म्हणाले, येऊ दे.

पहिल्या दिवशी मावशीनं माठ बाहेर नेऊन नारळाच्या शेंडीनं आतून घासला, तीन वेळा विसळला, तुरटी फिरवून भरला आणि झाकण ठेवण्याआधी एक पेला स्वतः प्यायली. जिन्यात नाही, खोलीत, उभ्यानं, घटाघटा. त्यात नाट्य काही नव्हतं. घासून घासून तिला तहान लागलेली होती. सोन्या टेबल पुसत होता, त्यानं पाहिलंही नाही.

गावाची तहान मात्र त्या आठवड्यात कमी झाली. उन्हं वाढली तशी ती परत आली. बरेच जण पिऊ लागले; काहींना मुळात बदल कळलाच नसावा. दोघं सभासद घरून बाटली आणू लागले. एक म्हणतो डॉक्टरांनी उकळलेलं पाणी सांगितलंय. दुसरा काहीच म्हणत नाही.

अण्णांनी दाखल नोंदवहीत ‘बालसाहित्य’ लाल शाईनं खोडून एका पुस्तकापुढे ‘चरित्र’ आणि दोहोंपुढे ‘आत्मचरित्र’ असं लिहिलं. ‘माउस’ला नेमकं काय म्हणावं यावर त्यांचा आणि सरांचा वाद अजून मिटलेला नाही, कारण त्यात बापाची कहाणी आहे आणि पोराचीही. कपाटाला कुलूप नसतं. सोन्याला बालसभासद करून घेतलंय. त्याचं इंग्रजी अजून कच्चं आहे, पण ‘पर्सेपोलिस’मधल्या मुलीचे आई-बाप तिला विमानतळावर सोडतात ते पान त्याला कळलेलं आहे. ते पान उघडं दिसलं की सुट्टीत इचलकरंजीहून कोण येणार याची चौकशी तो करतो, असं आजी सांगते.

बाटली आणणाऱ्यांपैकी जो काहीच म्हणत नाही, त्यानं गेल्या महिन्यात ‘भीमायन’ सही करून घरी नेलं. मुदत पंधरा दिवसांची असते. पुस्तक अजून परत आलेलं नाही. अण्णांनी दंडाची पावती फाडून ठेवली आहे, पण मागायला माणूस पाठवलेला नाही.